चपटी भंगारात देऊ नका

मिशिगन, ९ मार्च २०२५

ती. काकांस,

साष्टांग नमस्कार. काकींनाही नमस्कार सांगा. इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. आज पहाटे इथली घड्याळं तासभर पुढे गेली, त्यामुळे आता आपल्यात साडेनऊ तासांचं अंतर. हे पत्र बाबूच्या मेलवर पाठवतोय, तो देवगडात प्रिंट काढून तुम्हाला आणून देईल. फोनवर बोललो असतो, पण आवाज तुटतो, आणि मग तुम्ही "बरं, बरं" म्हणून फोन काकींकडे देता. हे बोलणं अर्धवट राहायला नको.

काल बाबू म्हणाला, पाडवा झाला की भंगारवाला येणार आणि चपटीचे, आपल्या त्या जुन्या हौद्याच्या गाडीचे, गॅसकटरने तुकडे करून किलोच्या भावाने नेणार. काका, हात जोडून विनंती करतो, तिला देऊ नका. मी १० मेला घरी पोचतोय आणि तीन आठवडे राहणार आहे. तेवढे दिवस थांबा. भंगारवाला जे पैसे देणार आहे तेवढे मी बाबूच्या खात्यावर आजच टाकतो.

तुमची अडचण मला कळते. खालचा मांगर पाडून तिथे दोन खोल्या काढायच्या आहेत. मुंबई-पुण्याची माणसं आता आपल्याकडे येऊन राहायला लागली आहेत, आणि बाबूला गावातच राहायचं तर त्याच्या हाताला काहीतरी मिळकत हवी. हे सगळं बरोबर आहे. मांगर खुशाल पाडा. पण गाडी तिथून हलवून वरच्या काजूच्या मांगरात ठेवता येईल. शंभरेक पावलांचा प्रश्न आहे. चाकं जाम आहेत, ती कशी सोडवायची ते पुढे लिहितो.

तुम्ही म्हणता ती कुजली आहे, हात लावला की पत्रा हातात येतो. पत्रा गेलाय हे मीही गेल्या खेपेला पाहिलं. दाराची खालची कड, पाय ठेवायची फळी, हौद्याचा तळ, सगळ्याची चाळण झाली आहे. पण पत्रा नवा घालता येतो. मला धास्ती होती ती चासीची. म्हणून काल दीड तास बाबूला गाडीखाली घातला होता. आधी त्याला काठीने सगळीकडे ठोकून घ्यायला लावलं, कारण अशा जागी फुरशाचा भरवसा नाही. मग फोनचा कॅमेरा चालू ठेवून, हातात छोटी हातोडी देऊन, चासीच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या बंपरपासून मागच्या टोकापर्यंत वीतभर अंतराने वाजवायला सांगितल्या.

चांगलं लोखंड ठण्ण वाजतं आणि तो आवाज जरा लांबतो. आतून खाल्लेलं लोखंड थप्प करतं, पिकल्या फणसावर हात मारावा तसं. डोळे मिटून ऐकत होतो. डावी पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत ठण्ण. उजवी पट्टीही ठण्ण, फक्त मागच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगचा, हँगर जिथे बसतो तिथे वीतभर थप्प. आणि सगळ्यात मागची आडवी पट्टी पूर्ण थप्प, ती बदलावीच लागेल. बाकी सांगाडा शाबूत आहे. बाबू खालून ओरडला, "दादा, ही तर वाजता!" त्याचा तो आवाज तुम्ही ऐकायला हवा होता.

रात्री मला झोप लागली नाही. १९६८ साली घेतलेली गाडी, खाडीपासून हाकेच्या अंतरावर पंचवीस वर्षं बंद उभी, वर कौलं निम्मी गेलेली, आणि तिची चासी वाजते कशी? आजोबांचं तेल आठवलं तेव्हा कोडं सुटलं.

दर वैशाखात आंबा संपत आला की आजोबा मालवणहून मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलाचा डबा आणायचे. होडीच्या फळ्यांना लावायचं तेच ते तेल. नारळाच्या सोडणाचा एक तुकडा ठेचून त्याचा कुंचला करायचे आणि आम्हा पोरांना गाडीखाली पिटाळायचे. "आत घाल, भोकातसून आत घाल, दर्याचो वारो लोखंड खाता." चासीच्या पोकळीत तेल गेलं पाहिजे म्हणून ते स्वतः वाकून बघायचे. पंधरा दिवस खळ्यात उभं राहवत नसे इतका वास. आई मला आंघोळ केल्याशिवाय पडवीतसुद्धा येऊ देत नसे. आणि तुम्ही वैतागायचात, की गाडी बाजारात नेली की माणसं विचारतात, आज आंबे की बांगडे? आजोबा गेले आणि तेलही थांबलं. पण वीस-पंचवीस वर्षं थरावर थर बसलेलं ते तेल अजून आत आहे. बाबूने पट्टीच्या आत बोट घातलं तर काळं चिकट लागलं, गंजाची लाल भुकटी लागली नाही.

या तेलाची एक गोष्ट सांगतो. स्कॉटलंडचा एक जहाजाचा कप्तान होता, रॉबर्ट फर्ग्युसन. त्याच्या गंजलेल्या डेकवर माशाचं तेल सांडलं, आणि काही दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की जिथे तेल सांडलं तिथे गंज वाढायचा थांबला. त्यावरून त्याने गंजरोधक रंग बनवायला घेतला आणि १९२१ साली अमेरिकेत कंपनी काढली. रस्ट-ओलियम तिचं नाव. आज इथल्या हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात तिचे डबे मांडलेले असतात. ही हकीकत मी वाचली तेव्हा माझ्या गॅरेजमध्येच उभा होतो, आणि माझ्या हातात त्याच रंगाचा डबा होता. मी तो खाली ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. आजोबा तिसरीपर्यंत शिकलेले. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, होडीवाल्यांचं बघून त्यांनी केलं. माशाचं तेल जवसाच्या तेलासारखं हवेवर सुकणारं आहे. सुकण्याआधी ते गंजाच्या बारीक भोकांतून खालच्या धातूपर्यंत झिरपतं, तिथला ओलावा आणि हवा बाहेर काढतं, आणि मग वर साय धरावी तसं धरतं.

आता माझ्या इथल्या गाडीबद्दल. फोटो तुम्हाला पाठवले, पण सगळी हकीकत कधी नीट सांगितली नाही. १९५१ची शेव्हरले पिकअप, ३१०० मॉडेल. चार वर्षांपूर्वी इथून तासभर उत्तरेला एका शेतातल्या गोठ्यात सापडली. चाकं जमिनीत रुतलेली, सीटमध्ये उंदरांची घरटी, हौद्यातल्या लाकडी फळ्यांवर शेवाळ. घरच्यांना वाटलं मला वेड लागलं. मी तिला घेतलं कारण पहिल्यांदा दार उघडलं आणि आत वाकलो तेव्हा जुनं ग्रीस, ओलं गोणपाट आणि लोखंड यांचा तोच वास आला. क्षणभर मी खालच्या मांगरात होतो.

मिशिगनमध्ये समुद्र नाही, पण मीठ आहे. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून इथे टनावारी मीठ टाकतात. खाऱ्या पाण्याला गोठायला जास्त थंडी लागते, म्हणून. डेट्रॉइट शहराच्या पोटात साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे, तिथलं मीठ रस्त्यांवर येतं. चाकांनी उडालेला तो खारा चिखल गाडीच्या खालच्या अंगाला बसतो आणि दारं, केबिनचे कोपरे, पायफळ्या खाऊन टाकतो. आपल्याकडे तेच काम वारा करतो. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतोच, पण पाण्यात मीठ असलं की तीच क्रिया कितीतरी झपाट्याने होते. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून बोल्ट जाम होतात आणि दोन पत्र्यांच्या सांध्यातला पत्रा फुगून वर येतो.

मी पहिल्या वर्षी दोन चुका केल्या. त्या चपटीच्या बाबतीत होऊ नयेत म्हणून सांगतो. पहिली, दारं घासायला बाहेर दिली. एका दुकानात त्यांनी जोराच्या दाबाने वाळू मारली. गंज गेला, पण पातळ पत्रा तापून आणि मार खाऊन उन्हातल्या पापडासारखा वाकडा झाला. ते दार सरळ करायला मला तीन महिने लागले आणि अजूनही उजेडात तिरकं बघितलं की लाट दिसते. चासीला वाळू चालते, पाट्यांच्या हँगरला चालते, दारं-बोनेटला नाही.

दुसरी चूक मोठी होती. पुढचं मडगार्ड मी तारेच्या ब्रशने चकचकीत केलं, प्राइमर मारला, रंग मारला. पुढच्या एप्रिलमध्ये त्यावर कांजिण्यांसारखे फोड आले. फोडाखाली ओला लाल गंज. झालं असं की लोखंडात जिथे बारीक खड्डे पडतात, त्या खड्ड्यांच्या तळाशी मीठ अडकून राहतं. वरून लोखंड कितीही चकाकलं तरी ते मीठ जात नाही, आणि रंगाच्या आडून ओलावा ओढून पुन्हा काम सुरू करतं. ब्रशने मीठ निघत नाही, ते पाण्यानेच धुवावं लागतं. गोड्या पाण्याने, एकदा नाही, तीन-चारदा, आणि मग लगेच सुकवायचं.

यावरून मला एक गोष्ट कळली, जी आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना डोळ्यांनी दिसते पण कुणी बोलत नाही. जिथे पाऊस थेट पडतो तो पत्रा उशिरा सडतो. आधी सडते ती छपराखालची बाजू, खालचं अंग, जिथे वारा मीठ आणून ठेवतो आणि पाऊस धुवायला येत नाही. ऑक्टोबर ते मे असं आठ महिने मीठ साठत राहतं. तुम्ही आपल्या गेटच्या बिजागऱ्या बघा, कौलाखालच्या खिळ्यांची डोकी बघा. चपटीचंही तसंच झालंय. टपावरचा रंग अजून निळा आहे आणि चाकांवरच्या कमानी आतून गेल्या आहेत.

लहान भाग मी घरीच साफ केले, ती युक्ती बाबूला फार आवडेल. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाणी, त्यात चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. गंजलेला भाग तारेने मध्ये टांगायचा आणि बॅटरी चार्जरची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर त्याला लावायची. लाल वायर भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. चार्जर चालू केला की बारीक बुडबुडे येतात आणि वर तपकिरी फेस धरतो. मी पहिल्यांदा हौद्याच्या फळक्याची बिजागरी टाकली होती. आठ तासांनी काढली तर काळा चिखल लागलेला ढेकूळ. नळाखाली धरून भांडी घासायच्या ब्रशने घासली, तर चिखल निघून गेला आणि खालून कारखान्यात मारलेला आकड्यांचा ठसा वर आला, कडांसकट. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी हातोड्याने मारलेला ठसा. मी तो अंगठ्याने कितीदा चाचपला असेन.

हे करताना बाबूला तीन गोष्टी पक्क्या सांगा. वायर उलट लावली तर गंजाऐवजी भागच खाल्ला जातो. पट्टी स्टेनलेस स्टीलची बिलकूल वापरायची नाही, त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. आणि ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून ड्रम खळ्यात उघड्यावर ठेवायचा, जवळ विडी-काडी नको.

इंजिनाचं सांगतो, कारण तुम्ही म्हणालात की ते धरलंय, म्हणून गाडी मेली. माझंही धरलं होतं. सहाही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समसमान मिसळून ओतलं आणि वाट पाहिली. रोज संध्याकाळी कामावरून आलो की थोडं आणखी. दोन आठवड्यांनंतर फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून हलकेच पुढे, हलकेच मागे. जोर करायचा नाही, जोर केला की रिंग तुटते. एकोणिसाव्या दिवशी ते केसभर सरकलं. टक् असा आवाज झाला. त्या रात्री मी तुम्हाला फोन केला होता, तुम्हाला आठवत असेल, तिकडे पहाट होती आणि तुम्ही घाबरून उठलात.

चपटीचं इंजिन याहून साधं आहे. विलीजच्या जीपमधलं तेच हरिकेन, चार सिलिंडर, २.२ लिटर, आत घ्यायचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर सोडायचे खाली ब्लॉकमध्ये. महिंद्राने हे इंजिन आपल्याकडे जीपमध्ये वर्षानुवर्षं वापरलं, म्हणून त्याचे सुटे भाग आजही मिळतात. क्रँक घासणं, बोअर करणं हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात होईल, फोंडा घाट चढला की झालं. माझ्या शेव्हरलेच्या भागांसाठी मी जी वणवण केली तशी करावी लागणार नाही.

आणि ते इंजिन केबिनमध्ये, दोन सीटांच्या मधोमध. त्याच्या झाकणावर दुहेरी गोणपाट टाकून तुम्ही मला बसवायचात. पावसात कणकवलीहून येताना काचेवर धुकं धरलेलं, एकच वायपर चालायचा, आणि बुडाखाली ती ऊब. तुम्ही गिअर बदलताना तुमचं कोपर माझ्या गुडघ्याला लागायचं. इंजिन ऐकायला मी तिथे शिकलो. "ऐक, तिसरो गेलो," म्हणायचात, आणि पुढच्या वळणावर थांबवून तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून दाखवायचात, काळाकुट्ट, ओला.

गेल्या ऑक्टोबरमध्ये शेव्हरले पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मी फोन तिच्या बोनेटपाशी धरला होता. या गाडीचा स्टार्टर पायाने दाबायचा असतो, माझा पाय थरथरत होता. इथे चार मित्र उभे होते, सगळे टाळ्या वाजवत होते. तुम्ही तिकडून एवढंच म्हणालात, "टॅपेट वाजतंय रे, मागल्या बाजूचं." दुसऱ्या दिवशी गेज घालून बघितलं तर सहाव्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हची फट खरंच जास्त होती. काका, गंज काढायचं मी शिकलोय, पत्रा जोडायचं शिकलोय, पण ते कान माझ्याकडे नाहीत. चपटी तुमच्याशिवाय उभी राहणार नाही, आणि म्हणून ती आत्ता, तुम्ही खळ्यात खुर्ची टाकून बसलेले असताना उभी राहायला हवी. हे मला फोनवर बोलता आलं नसतं.

आता मी येईपर्यंत काय करायचं ते लिहितो.

तिच्यावर निळी ताडपत्री बांधली आहे ती आजच काढायला सांगा. प्लॅस्टिक अंगाला चिकटलं की आतला दमटपणा बाहेर जात नाही, रात्री पत्र्याला घाम सुटतो आणि दिवसभर तो आतच शिजतो. सावली हवी असेल तर वर बांबूवर झापं टाका, चारी बाजूंनी वारा खेळू दे.

मग धुणं. पाणी वरच्या आवाठातल्या विहिरीचं घ्या. आपली खालची विहीर एप्रिलपासून मचूळ होते, त्या पाण्याने धुतलं तर आपणच मीठ लावल्यासारखं होईल. पंपाचा पाइप लावून खालून, चाकांच्या कमानीतून, चासीच्या भोकांतून पाणी मारायचं. त्यात पंचवीस वर्षांची माती आणि काजूची पानं भरली आहेत, ती ओली राहतात आणि तिथूनच लोखंड खातात. तीन दिवस लागोपाठ सकाळी धुवून दिवसभर उन्हात ठेवायचं. लोखंड हाताला गरम लागलं की तेल. मालवणात मुशीचं तेल अजून मिळत असेल तर उत्तम, नाहीतर रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल. काकींना वासाचा त्रास होईल, त्यांची माझ्या वतीने माफी मागा. आणि तेलाचे बोळे कोपऱ्यात ढीग करून टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि ढिगाला आपोआप आग लागते. बोळे पाण्यात बुडवून मग टाकायचे.

चाकांसाठी, बाबूने ड्रमच्या मागचे ब्रेकचे अॅडजस्टर आधी तेल मुरवून सैल करावेत आणि मग ड्रमला बाहेरून लाकडी ठोकळा धरून हातोडीने गोल गोल ठोकावं. ड्रम निघाला की आतली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात गेलं तर निघत नाही. ओल्या फडक्याने पुसायची. तसंच रंगाचं. निळ्या रंगाखाली जो केशरी थर दिसतो तो शिशाचा प्राइमर आहे, आपला शेंदूर तोच. तो कोरडा घासू नका, पाणी लावून घासायचा आणि नाकातोंडाला मास्क.

बाबू म्हणाला की ट्रॅक्टरने ओढून गिअरमध्ये टाकून बघूया, सुरू होईल. हे कृपा करून होऊ देऊ नका, न्यूट्रलमध्येच ओढायची. आत्ता फक्त चारही प्लग काढून प्रत्येकात दोन-तीन चमचे ते मिश्रण ओतायचं, आठवड्यातून एकदा. फिरवायची मी आल्यावर, आपण दोघं मिळून.

आणि टाकी. ती रिकामी असली तरी आत पेट्रोलची वाफ राहते. भंगारवाल्याचा गॅसकटर तिच्याजवळ नेणं किती धोक्याचं आहे हे बाबूला समजावून सांगा. गाडी न देण्याचं हेही एक कारण धरा. टाकी सोडवून वेगळी ठेवा, तिच्यावर वेल्डिंगचं नाव नको.

आजोबांच्या ट्रंकेत गाडीचं नोंदणीचं बुक असेल. त्यावर जिल्हा रत्नागिरी असेल, गोंधळू नका, सिंधुदुर्ग १ मे १९८१ला वेगळा झाला. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली आहे. नंबरात व्हीए अक्षरं येतात, फी वीस हजार, दहा वर्षांसाठी. गाडी मूळ रूपात हवी, खासगी हवी, आणि अशी गाडी धंद्याला किंवा रोजच्या वापराला चालत नाही. म्हणून बुकात खासगी लिहिलंय की मालवाहू ते आधी बघायला हवं. बुकाच्या प्रत्येक पानाचा आणि केबिनमधल्या पितळी पट्टीवरच्या आकड्यांचा फोटो बाबूला पाठवायला सांगा. पट्टी घासू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फोटो घ्या. आकडे गेले तर ती कुठली गाडी हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

चार दिवसांवर शिमगा आला. होळीला माझ्या नावाचा नारळ घाला. इथे अजून अंगणाच्या कडेला मळका बर्फ आहे आणि रस्ते मिठाने पांढरे दिसतात. शेव्हरले मी पाऊस पडून रस्ते धुतले जाईपर्यंत बाहेर काढणार नाही.

काकींची गुडघ्याची गोळी संपली असेल तर बाबूला कळवायला सांगा, येताना घेऊन येतो. तुम्ही गाडीखाली वाकू नका. खुर्ची, छत्री आणि काठी, एवढंच.

तुमचा,
भाई

ता. क. भंगारवाल्याने इसार दिला असेल तर तो पाडव्याच्या आधीच परत करा, शब्द फिरवल्याचा दोष माझ्या माथी टाका. आणि चौथ्या सिलिंडरचा प्लग बसवताना पान्याने आवळू देऊ नका. त्याचा आटा सैल आहे, तुम्ही तो नेहमी हाताने बसवायचात आणि शेवटचा पाव फेरा तेवढा पान्याने द्यायचात.